दोन बोटांचा गंडा

जबलपुरात नेपियर टाउनच्या वळणावर ऑटो थांबला, आणि विनीताला पुढच्या आरशात नर्मदा आत्या बसलेली दिसली. ऑटोवाल्यांना दोन-दोन आरसे लागतात, एक बाहेरचा, रस्ता बघायला, आणि एक आतला, सवाऱ्या बघायला. त्या आतल्या आरशात, कडेला चिकटवलेल्या देवीच्या चित्राखाली, आत्याचे डोळे होते. बुबुळांच्या वरही पांढरं दिसणारे, मिटायचं विसरलेले डोळे. आत्या जाऊन तीस-बत्तीस वर्षं झाली होती. विनीताने आधी शेजारी बघितलं. शेजारी तिची पर्स होती, आणि बाहेर मोसंबीचा रस काढणारा माणूस यंत्राचा दांडा फिरवत होता. मग तिने कपाळावरचे केस मागे सारले, तर आरशातल्या आत्यानेही सारले. कोणीही शहाण्या माणसाने इथे हसून विषय सोडून दिला असता. विनीता सरकारी लेखा कार्यालयात उभा जन्म दुसऱ्यांच्या बेरजा तपासत आलेली बाई, तिचा शहाणपणाचा लौकिक मोठा. ती हसण्याच्या तयारीत होतीही. पण छातीत जी धडधड सुरू झाली ती काही केल्या थांबेना. ब्लाउज पाठीला चिकटला. ऑटोवाल्याने आरशातूनच विचारलं, "आंटी, तबीयत ठीक है ना?" तिने हो म्हटलं आणि डोळे मिटून घेतले, तर पापण्यांच्या आतही ते दोन डोळे उघडेच होते.

दवाखान्याचा जिना चढताना तिला कठडा धरावा लागला. गेले कित्येक आठवडे हे असंच चाललं होतं, पण तिने ते सगळं इंजेक्शनाच्या खात्यावर टाकलं होतं. तरुणपणी तिचं एक मोठं ऑपरेशन झालं होतं, तेव्हा रक्ताच्या बाटल्या चढल्या होत्या, आणि त्या रक्तातून काय काय येतं ते त्या काळी कोणाला ठाऊक नव्हतं. वीस वर्षं तो विषाणू तिच्या लिव्हरमध्ये भाडं न देता राहिला. यंदा उन्हाळ्यात तो सापडला, हिपॅटायटिस सी असं त्याचं नाव निघालं, आणि दर शुक्रवारी पोटात टोचून घ्यायचं इंजेक्शन सुरू झालं. इंटरफेरॉन. ते फ्रिजमध्ये ठेवावं लागे, लोण्याच्या कप्प्यात. शुक्रवारी टोचायचं, शनिवारी तापाने फणफणायचं, रविवारी धुतलेल्या फडक्यासारखं पडून राहायचं आणि सोमवारी ऑफिसला जाऊन लोकांच्या चुका काढायच्या. या क्रमात हात थरथरले काय किंवा भूक दुप्पट लागून वजन उलट उतरलं काय, तिला फार नवल वाटलं नव्हतं. डॉक्टरांना वाटलं. त्यांनी मागच्या खेपेला तिचा पसरलेला पंजा बघितला होता, गळ्याला हात लावून तिला घोट गिळायला सांगितलं होतं, आणि एक निराळी तपासणी लिहून दिली होती. आज तिचा निकाल त्यांच्या टेबलावर होता.

डॉक्टर समजावून सांगणाऱ्यातले होते, हिंदीत, सावकाश. म्हणाले, तुम्ही टोचून घेता ते काही परकं औषध नाही. शरीर ते स्वतःच तयार करतं. कुठे विषाणू शिरला की तिथली पेशी शेजारणींना हाक घालते, घरात चोर आहे, सावध राहा. त्या हाकेचंच हे इंजेक्शन आहे. आपण ती बाहेरून घालतो, मोठ्याने, दर आठवड्याला, म्हणजे लिव्हरमधला चोर पकडला जाईल. पण हाक काही फक्त लिव्हरलाच ऐकू जाते असं नाही. काही बायकांच्या गळ्यातली थायरॉइडची ग्रंथीही ती ऐकते. तिच्या पेशी मग घाबरून एरवी अंगावर कधीच न दाखवणाऱ्या खुणा दाखवायला लागतात, आणि रक्तातल्या पहारेकऱ्यांना वाटतं, हीच परकी. ते तिच्यावरच तुटून पडतात. ती फुटते, साठवलेलं सगळं रक्तात सांडतं. म्हणून ही धडधड, हा घाम, ही नजर. नंतर सांडायलाही काही उरत नाही, तेव्हा याच्या बरोबर उलट होतं, तेव्हा जास्त सांभाळायचं. इंजेक्शन सोडायची गरज नाही, विषाणू कमी होतो आहे. दर महिन्याला रक्त तपासायला मात्र यायचं. शेवटी त्यांनी विचारलं, "घर में किसी को थायरॉइड की तकलीफ़ थी?"

नाही, असं विनीताने ताबडतोब सांगितलं. आणि जिन्याच्या मधल्या पायरीवर तिचे पाय थांबले.

तिला आधी आठवला तो भोंगा. कारखान्याच्या क्वार्टरांत त्यांचं बालपण गेलं, आणि तिथे सगळं भोंग्यावर चाले. बाबा भोंग्यावर उठत, भोंग्यावर जेवत, आणि आई म्हणे की यमाने भोंगा वाजवला तर हे त्याच्याही मागे डबा घेऊन जातील. पासष्ट सालच्या लढाईत भोंग्याचा सूर बदलला. खिडक्यांना काळे कागद लागले, आणि क्वार्टरांच्या लाइनीतल्या लोकांना जो तो हेर दिसायला लागला. दरवर्षी येणारा एक रजईवाला होता, त्याच्याकडच्या रजया प्रत्येक घरात होत्या. त्या साली तो आला तेव्हा त्याला पोरांनी आणि पोरांच्या बापांनी धरून असं मारलं की त्याचा एक कान गेला. विनीता आठ वर्षांची होती. रजईवाला ओरडत होता, मला ओळखत नाही का, मला ओळखत नाही का, आणि सगळे त्याला ओळखत होते. त्याच हिवाळ्यात नर्मदा आत्या पहिल्या बाळंतपणासाठी भावाकडे आली होती, वर्ध्याकडच्या सासरहून. आजी-आजोबा नव्हते, म्हणून बाळंतपण आईने केलं. मुलगी झाली. आत्या गोरी, हसरी, जरा आळशी. अंथरुणात पडून विनीताला राक्षसाच्या गोष्टी सांगायची आणि मध्येच स्वतःच घाबरायची. सव्वा महिना पुरा व्हायच्या आत एका दुपारी ती कोणाला न सांगता ग्वारीघाटावर नर्मदेत पाय बुडवून आली. तिच्या नावाची नदी, तिला भेटावंसं वाटलं असेल. त्याची कोणी तेव्हा फारशी दखल घेतली नाही. दखल नंतर घेतली गेली, आणि मग मात्र त्याच्याशिवाय दुसरं काही उरलंच नाही.

कारण आत्या जेवायला लागली. दोन माणसांचं जेवायची आणि काडीसारखी होत चालली होती. जबलपूरच्या जानेवारीत अंगावरची रजई फेकून द्यायची. झोपायची नाही. हात इतके कापायचे की एकदा बाळ तिच्या हातातून निसटता निसटता राहिलं. आणि ते डोळे. लाइनीतल्या बायका बाळंतिणीला बघायला येत आणि उंबऱ्यातूनच परत जात. घाटावरून काहीतरी मागे आलं आहे, हे कोणी पहिल्यांदा म्हटलं ते सांगता येणार नाही, सगळेच म्हणत होते. बाबांनी कारखान्याच्या दवाखान्यातून ताकदीची औषधं आणली. मग आई गढा वस्तीतल्या गुनियाकडे गेली. गुनिया म्हणजे झाडपाला देणारा, उतारा करणारा म्हातारा, दातांचा काळा कोळसा झालेला. त्याने आत्याच्या गळ्यात काळ्या दोऱ्याचा गंडा बांधला, दोन बोटं आत जातील इतका सैल. तो कापायचा नाही, आपोआप तुटेपर्यंत. रोज दोन बोटं घालून बघायचं. घट्ट झाला तर अंगात शिरलेली ती जोर करते आहे असं समजायचं, सैल झाला की ती निघाली. हे बघायचं काम आईचं होतं. विनीताला अजून ती बोटं दिसत होती, हळदीची पिवळी, आत्याच्या गळ्याशी. गंडा घट्ट होत गेला. दोनाचं एक बोट झालं, मग एकही जाईना, दोऱ्याचा वळ उठला. आत्या म्हणायची, वहिनी, गळा सुजला आहे गं, सोड ना. आई म्हणायची, तू नाही बोलून राहिली हे, थे बोलून राहिली. त्याच आठवड्यात बाळाला तिच्यापासून वेगळं केलं, आणि पुढे सासरचे येऊन ते घेऊन गेले.

दवाखान्याच्या जिन्यात, मोसंबीच्या सालींच्या वासात, विनीताने आपल्या गळ्याला हात लावला. मऊ, भरल्यासारखं काहीतरी बोटांखाली आलं. एखादा पोस्टमन मेलेल्या माणसाच्या नावाचं पत्र आपल्या दारात टाकून जातो आणि ते आपल्यालाच उघडावं लागतं, तसं काहीतरी तिला वाटलं. पण त्यात आनंद नव्हता. आत्याला काय झालं होतं ते तिला आत्ता कळलं होतं, आणि तरीही आरशात बघायची तिची हिंमत झाली नाही. परतीच्या वाटेत ती ऑटोच्या अगदी कोपऱ्यात बसली, जिथे आरसा पोहोचत नाही.

राइट टाउनच्या घरात आई दारातच होती. तिच्याकडे बघून विनीताला समजलं की आईला हे डोळे तिच्याही आधी दिसले होते. कित्येक दिवस आई तिच्याकडे न बघता बोलत होती, ताट समोर ठेवून पटकन वळत होती, आणि विनीताला वाटत होतं की हे म्हातारपणाचं तिरसटपण. आई, म्हणजे राधाबाई, सत्तरी ओलांडलेल्या, पण घर अजून त्यांच्याच शब्दावर चाले. घर म्हणजे चार माणसं: आई, बिनलग्नाची विनीता, धाकटा भाऊ अच्युत, आणि त्याची बायको मनीषा, जी लग्नाच्या अकराव्या वर्षी पोटुशी होती आणि दिवाळीच्या सुमारास बालाघाटला माहेरी बाळंत व्हायची होती. त्या पोटाभोवती सगळं घर चवड्यांवर चालत होतं. विनीताने डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं नीट मराठीत करून सांगितलं, ग्रंथी, हाक, पहारेकरी. आईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "विनू, तुले खोटं वाटन. पण मी हे डोळे पाह्यले आहेत. आता घरात लेकरू येऊन राह्यलं. ह्या टायमाले मी गाफील नाही राहणार."

गढ्यातला गुनिया केव्हाच मेला होता. त्याचा मुलगा मोबाइलचे रिचार्ज कूपन विकत असे आणि मंगळवारी बापाची गादी चालवत असे. आईने त्याच्याकडून गंडा आणला. आणि अट घातली. त्यांच्यात बाळाचं नाव आत्या ठेवते, पाळण्यात वाकून त्याच्या कानात सांगते, आणि अच्युतला बहीण एकच. विनीता गेली अकरा वर्षं त्या एका कानाची वाट बघत होती. हे तिने कोणाला कधी सांगितलं नव्हतं, ऑफिसात तर तिला लहान मुलं आवडत नाहीत असाच समज होता. पण मनीषाची गोड बातमी कळली त्या दिवशी ती गच्चीवर जाऊन रडली होती. आईची अट अशी की बारसं मनीषा बाळ घेऊन परतल्यावर इथेच करायचं. तोवर गंडा सैल झाला तर नाव विनीता ठेवेल. नाही झाला तर चुलतबहीण जया नागपुराहून येईल, चुलत का होईना आत्याच आहे. आणि बाळाला हात लावायचा नाही, हे आईने तोंडाने म्हटलं नाही, ते त्यातच आलं. अच्युत स्कूटरची किल्ली बोटावर फिरवत उभा होता. तो कधीच कोणाच्या बाजूने नसतो. "दीदी, मान जा ना," तो म्हणाला. "आईचं समाधान. एक धागाच तर आहे."

विनीताने मान पुढे केली. इतक्या सहज केली की नंतर तिला स्वतःची लाज वाटली. पण तेव्हा तिला वाद घालायला बळ नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तेव्हा तिचा स्वतःवर भरवसाही नव्हता. शाईचा पेन हातात धरला तर कागदावर टिंबं उडत होती. ऑफिसात ती एका कारकुनावर इतकी ओरडली की तो रडायच्या बेताला आला. अंगात कोणी दुसरंच रागावत होतं, दुसरंच भुकेलं होतं, आणि तिला नुसतं वापरत होतं. हे संप्रेरक आहे, ती स्वतःला सांगायची, रक्तात सांडलेलं संप्रेरक. पण संप्रेरकाला काय, आत्याला काय, आतून कसं ओळखायचं? आईची बोटं गळ्याशी आली, आता त्यांना हळदीऐवजी सुपारीचा वास होता. दोन बोटं मोजून तिने गाठ मारली. पुढच्या दिवसांत गंडा घट्ट होत गेला, आणि आई रोज सकाळी बघून जायची. एकदा विनीता म्हणाली, आई, गळा सुजला आहे, म्हणून. आणि आईचा चेहरा असा पांढरा पडला की विनीताला तिचीच दया आली. वहिनी, गळा सुजला आहे गं. शब्दसुद्धा तेच निघाले होते.

दिवाळीनंतर बालाघाटहून फोन आला, मुलगी झाली. मग थंडी पडली, आणि थंडीबरोबर विनीताच्या आतला कोलाहल हळूहळू थांबत गेला. आधी तिला हे बरं वाटलं. हात थरथरायचे थांबले. छाती शांत झाली, इतकी की कधीकधी नाडी बघून खात्री करावी लागे. ती ऑफिसात कोणावर रागावेनाशी झाली, कारकून मंडळी तिच्या तब्येतीची मनापासून चौकशी करायला लागली. शुक्रवारचं इंजेक्शन ती टोचत होती, तेवढं एक सवयीने होत होतं. पण रक्त तपासायला जायचं तेवढं राहून जात होतं. उद्या जाऊ. जिना फार होता. दुपारचं ऊन गच्चीच्या दक्षिणेच्या भिंतीशी येतं, तिथे ती खुर्ची टाकून बसायची, अंगात दोन स्वेटर, वर शाल. पायांची त्वचा चुन्यासारखी खरखरीत झाली होती. आवाज घोगरा झाला होता, आणि एक वाक्य बोलायचं म्हणजे विहिरीतून बादली ओढण्याइतकं काम वाटायचं, म्हणून ती बोलत नव्हती. आईने एका सकाळी गळ्याशी बोटं घातली तेव्हा ती दोन्ही सहज गेली. काही दिवसांनी तिसरंही. आईच्या तोंडावर जे आलं ते विनीताने फार वर्षांत बघितलं नव्हतं. त्या दिवशी आईने तिच्यासाठी कोथिंबिरीची सांबारवडी केली, तिच्या ताटाजवळ बसून तिला वाढली, तिच्या डोळ्यांत बघून बोलली, आणि जयाला फोन करून सांगितलं की तू पाहुणी म्हणून ये, नाव विनूच ठेवन.

एका दुपारी गच्चीवर आईची हाक आली. विनू. विनीताला ती स्पष्ट ऐकू आली. उत्तर द्यायचं तिच्या मनातही होतं, पण मन आणि तोंड यांच्यामध्ये फार मोठं अंतर पडलं होतं, आणि त्या अंतरात ऊन होतं. विनू. पुन्हा हाक आली. तिने आपले हात बघितले, मांडीवर पालथे ठेवलेले, फुगलेले, कोणाचे तरी. आणि ते हात तिने ओळखले. क्वार्टरच्या मागच्या अंगणात, रजया वाळत घालायच्या दोरीखाली, गोणपाटावर नर्मदा आत्या अशीच बसायची, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, वर्षानुवर्षं. ती बरी झाली होती ना. गंडा सैल पडला होता, मग एक दिवस तुटून पडला, तिच्यातली ती निघून गेली होती. कोणी तिला त्रास देत नव्हतं, ती कोणाला देत नव्हती. विनीता शाळेतून येऊन तिला राक्षसाची गोष्ट सांग म्हणायची, आणि आत्या बराच वेळ तिच्याकडे बघून हळूच, घोगऱ्या आवाजात, काय म्हणायची, तर "थंडी वाजते." बाळाची आठवण येते असं ती कधी म्हणाली नाही. सासरच्यांनी नांदवायला नेलं नाही, त्याबद्दलही नाही. सगळ्यांना वाटे, तिला काही वाटतच नाही. विनीतालाही तसंच वाटे. आणि आता, गच्चीवर, तिला पहिल्यांदा आतून कळलं की आत्याला सगळं वाटत होतं. सगळं जसंच्या तसं होतं, बाळसुद्धा, दुधाचा वाससुद्धा. नुसतं बाहेर येता येत नव्हतं. एका फार थंड पहाटे ती उठलीच नाही. निजल्यात गेली, भाग्याची, असं लाइनीतल्या बायका म्हणाल्या होत्या. विनीता खुर्चीवरून उठली. उठायला तिला किती वेळ लागला कोण जाणे. खाली येऊन तिने अच्युतला म्हटलं, मला नेपियर टाउनला ने, आत्ता.

डॉक्टर रागावले. निकाल दोन दिवसांनी आला, ग्रंथी जवळजवळ बंद पडली होती, आणि अंगात हे असंच राहू दिलं तर थंडीत माणूस झोपेतच जाऊ शकतो, असं ते म्हणाले. विनीताने फक्त एक प्रश्न विचारला. याच्यावरची गोळी नवी आहे का? डॉक्टर म्हणाले, छे, फार जुनी आणि फार स्वस्त, तुमच्या-माझ्या जन्माच्या आधीपासून मिळते. इंजेक्शनं चालू ठेवायची होती, विषाणू आता रक्तात दिसत नव्हता. चोर पळाला होता, घर तेवढं मोडलं होतं. सकाळी उपाशीपोटी एक पांढरी गोळी, बहुधा आयुष्यभर. गुण यायला वेळ लागेल.

तोवर मनीषा बाळ घेऊन आली आणि बारशाचा दिवस उजाडला. गोळ्या सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला होता, विनीता अजून शालीतच होती. पुढच्या खोलीत पाळणा सजला, बायका जमल्या, जया नागपूरची संत्री घेऊन आली होती आणि मोठ्यामोठ्याने बोलत होती. घुगऱ्या शिजल्याचा वास घरभर होता. आईने विनीताला मागच्या खोलीत बोलावलं, शेवटचं बघायला. तिची तीन बोटं गंड्यात सैल फिरली. आई हसली, तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "गेली, माय," ती म्हणाली. "पुरी गेली. नर्मदालेबी मीच बरी केली होती. तुह्या बापानं आणलेल्या दवाईनं काही नाही झालं."

विनीताला गप्प बसता आलं असतं. गप्प बसण्याइतकं सोपं तिला त्या दिवसांत दुसरं काहीच नव्हतं. बाळ पलीकडच्या खोलीत होतं, तिने अजून त्याला नीट बघितलंही नव्हतं. दहा मिनिटं तोंड मिटून ठेवलं की ते तिच्या हातात येणार होतं, आणि या म्हातारीला आपण कोणाचं तरी भलं केलं एवढं घेऊन मरता आलं असतं. पण आईने आत्याचं नाव घेतलं होतं. आणि आत्या आतूनच ऐकत होती, ऊन खात, मांडीवर हात पालथे ठेवून, कोणीतरी आपल्याऐवजी बोलेल म्हणून.

"आई, कोणी गेलं नाही," विनीता म्हणाली. शब्द एकेक करून आले. "गळ्यातली गाठ सुजली, म्हणून दोरा घट्ट झाला होता. आता ती सुकली, म्हणून सैल झाला. सैल झाला तेव्हाच खरं दुखणं सुरू झालं."

"पण तू तं शांत झाली."

"शांत नाही. थंड पडत चालले होते. डॉक्टरांनी गोळी दिली आहे, म्हणून बोलते तरी आहे."

आईची बोटं गंड्यातच राहिली. पुढच्या खोलीतून जयाचं हसू ऐकू आलं, कोणीतरी आत्याबाई कुठे आहेत म्हणून विचारलं. आईचे ओठ हलत होते, ती मोजत असावी. मग ती म्हणाली, "नर्मदाच्या गळ्यात चार बोटं जात होते." आणि मग, "ही गोळी तवा होती?"

खोटं बोलणं इथे पुण्याचं ठरलं असतं. विनीताने आईकडे बघितलं, आणि आई उत्तर ऐकायला उभी होती, पळत नव्हती.

"होती."

आई पलंगाच्या कडेवर बसली. कंबरेचा बटवा चाचपत राहिली, सुपारी शोधत असल्यासारखी. "थे चार बोटं गेले त्या दिवशी," ती म्हणाली, "मी साऱ्या लाइनीत खोव्याची जिलबी वाटली होती. तिच्या हातून वाटवली. थे म्हणे, वहिनी, थंडी वाजते. मी म्हटलं, चल, उठ, घरोघर जाऊ, आनंदाचा दिवस आहे." विनीता तिच्या शेजारी बसली. तिला आईला जवळ घ्यावंसं वाटत होतं, पण हात उचलायला वेळ लागला, आणि तेवढ्यात आईने बटव्यातून अडकित्ता काढला. गंडा कापायचा नसतो, आपोआप तुटू द्यायचा असतो. आईने तो गळ्यापासून दूर ओढून अडकित्त्याच्या तोंडात धरला आणि कचकन कापला. दोरा तिच्या मुठीतच राहिला. मग ती उठली, पुढच्या खोलीत गेली, मनीषाच्या मांडीवरून मुलीला उचललं आणि सगळ्या बायकांच्या देखत आणून विनीताच्या हातात दिलं. मुलगी गरम होती. इतकी गरम की विनीताला वाटलं तिला ताप आहे, मग लक्षात आलं की आपलेच हात गार आहेत. मुलीने त्या गारठ्याने अंग आकसलं, तोंड वेडंवाकडं केलं, पण रडली नाही.

पाळण्याशी बायकांनी विनीताला मध्ये घेतलं. ती वाकली. मनीषाने ठरवलेलं नाव ईशानी होतं. तो कान समोर आला, छोटा, चुरगळलेला, आतपर्यंत गुलाबी, आणि तिला क्षणभर वाटलं की आत्याचं नाव सांगावं, निदान हळू, कोणाला ऐकू जाणार नाही असं. पण या पोरीला कशाला ते. ती आत्ताच कुठे आली आहे, तिला तिचं नाव पुरे. विनीताने ईशानी म्हटलं, घोगऱ्या, सावकाश आवाजात, आणि कुर्र केलं. रिवाजाप्रमाणे बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायला सुरुवात केली, हसत, जया सगळ्यांत जोरात. कित्येक महिन्यांत तिला कोणी हात लावला नव्हता, धपाटे शालीतून आत पोहोचत होते, आणि ते तिला चांगले वाटत होते. त्यांच्यात एक हात धपाटा घालत नव्हता. तो नुसता तिच्या मानेखाली टेकलेला होता, मुठीत दोरा घेऊन.